इंजिनाच्या वाट्याचे गोडे पाणी

एकदा एक वृद्ध गुरू भर बाजारात इंजिन चाटताना लोकांना दिसले.

दृष्टांतातले गुरू सहसा नदीकाठी, वृक्षाखाली, डोळे मिटून बसलेले असतात, हे मला ठाऊक आहे. कित्येक व्याख्यानांत मीही त्यांना तसेच बसवले आहे. या गुरूंना तेवढी सवड नव्हती. त्यांच्या कोपरापर्यंत ग्रीस असे, कानावर विझलेली विडी असे, आणि त्यांच्या आश्रमाला वर एक फाटकी ताडपत्री व खाली तेलाने काळी पडलेली वाळू, एवढाच थाट होता. नाव दाजी. कोणाला असा गुरू चालत नसेल तर त्याने इथेच थांबावे, माझी हरकत नाही. बाकीच्यांना पुढे सांगतो.

कोकणात एका खाडीच्या मुखाशी एक वाडी होती. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. रस्ता तिथवर आलाच नव्हता. शाळा, बाजार, दवाखाना हे सारे पलीकडच्या काठावर. त्यामुळे वाडीचा संसार एका होडीवर आणि तिच्या मागे टांगलेल्या इंजिनावर चाले.

ही होडी दिगू नावाचा तरुण चालवीत असे. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी पलीकडे माणसे उतरवून तो एकटाच परत येत होता. ओहोटीला जोर होता. मुखाजवळ इंजिन बंद पडले, ते पुन्हा सुरू झाले नाही. ओढीने होडी बाहेर गेली आणि वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांत उलटली. दिगू दुसऱ्या दिवशी सापडला. वाडीने म्हटले, दर्याने नेला. असे एकदा म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. आपल्या लोकांना असली वाक्ये फार सोयीची वाटतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो.

दिगूच्या मागे घरात दोघी उरल्या. त्याची आई शेवंता आणि बायको वैजू. वाडी वर्षभर वल्ह्यांच्या डगमगत्या होडीने, भरती-ओहोटीची मर्जी सांभाळत खाडी ओलांडत राहिली. दिगूच्या जागी बसायला कोणी पुरुष पुढे आला नाही. मग एके दिवशी वैजू दाजींच्या ताडपत्रीखाली जाऊन उभी राहिली.

"दाजीनू, माका इंजिन शिकवा."

"कित्याक?"

"होडी मी चालवतलंय."

दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. "सासू काय म्हणता?"

"तिका मी इचारूक नाय," वैजू म्हणाली. "इचारलंय असतंय तर हय इलंय नसतंय."

हे उत्तर दाजींना पटले असावे. त्यांनी पान्याची पिशवी काखेत मारली आणि तिला घेऊन पलीकडच्या बाजारात निघाले.

बाजारात जुन्या होड्या आणि जुनी इंजिने विकणारा एक व्यापारी होता. त्याने एक इंजिन पुढे आणले. नवा निळा रंग, पितळी भाग लखलखीत, वर झेंडूची माळ. त्याने ते पाण्याच्या पिंपात सोडले, दोरी ओढली, आणि पहिल्याच झटक्याला इंजिन गर्जू लागले. वैजूचा चेहरा उजळला.

"बंद कर," दाजी म्हणाले. "वरचा झाकण काढ."

झाकण निघाले. थंड करणारे पाणी आत जिथून फिरते, ती वाट दाजींनी उघडी केली. आत बोट घातले. बोटाला पांढरी भुकटी लागली. त्यांनी ती उजेडात धरली, हुंगली आणि मग सरळ वाकून इंजिनाला जीभ लावली.

सारा बाजार हसला. व्यापारी म्हणाला, "दाजी, इंजिन घ्यायला आलात की लोणच्याची चव बघायला?"

दाजी थुंकले. "ह्या नको."

दुसरे इंजिन आले, तेही चाटून परत केले. आता व्यापाऱ्याचे तोंड आंबट झाले. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक तिसरे इंजिन पडले होते. रंग उडालेला, मुठीला काथ्याची दोरी गुंडाळलेली. दाजींनी तेच ओढून घेतले. आधी खालच्या पेटीचा स्क्रू ढिला करून तेलाचा थेंब तळहातावर घेतला. पाणी शिरले असते तर तेल दुधाच्या चहासारखे दिसले असते, तसे ते नव्हते. मग वरचे झाकण काढून त्यांनी सावकाश जीभ लावली आणि डोळे मिटले. तो क्षण तेवढा खरा गुरूसारखा होता.

"ह्या घेवया."

"त्याच्याकडे गिऱ्हाईक ढुंकूनसुद्धा बघत नाही," व्यापारी म्हणाला.

"मी खय बघलंय?" दाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर वल्हे मारता मारता वैजूने विचारले, की हे चाटण्याचे काय. तेव्हा दाजींनी सांगितले ते असे.

"इंजिन तापता. थंड होवक ता खाडीचाच पाणी ओढता, आंगात फिरवता आणि कुशीतसून धार सोडता. त्या धारेर तेचो जीव असा. पण खारा पाणी खयसूनय रिकामा जायना नाय, जाताना मीठ ठेवन जाता. आज चिमूटभर, फाल्या चिमूटभर. एक दिवस वाट बुजता. मगे धार बारीक होता, इंजिन तापता आणि जाम होता. रंग बाहेरच्या आंगाक मारूक येता गो, आतली वाट रंगवूक येना नाय. आदल्या मालकान इंजिनाक सांजचा गोडा पाणी पाजल्यान काय नाय, ता व्यापारी सांगना नाय. जीभ सांगता."

"रोज पाजूचा?"

"रोज. होडी काठाक लागली काय पयला काम ता. तुझा जेवाण मागसून."

पौषापासून वैजू होडी चालवू लागली. सुरुवातीला लोक बसताना थोडे बिचकत, नंतर सवय झाली, आणि त्यानंतर तर पोरे होडी उशिरा आली म्हणून तिलाच बोल लावू लागली. दाजींनी तिला सगळे शिकवले. प्लग काढून घासायचा कसा, पाणी ओढणारा रबरी पंखा झिजला की कळते कसे, कुशीतल्या धारेखाली हात धरायचा कसा. धार कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर तिथल्या तिथे इंजिन बंद. संध्याकाळी धक्क्याजवळच्या माडाखाली अर्धे कापलेले एक पिंप ठेवलेले असे. त्यात गोडे पाणी. वैजू इंजिन त्यात सोडी, सुरू करी आणि धार वाहत असताना शेजारी उकिडवी बसून राही. हे पाणी रोज बदलावे लागे.

इथपर्यंत कोणाचे काही म्हणणे नव्हते. मग वैशाख आला.

वैशाखात त्या वाडीतल्या विहिरी खाऱ्या होतात. माडांच्या बागेच्या टोकाची एकच विहीर गोडी राहते, आणि तिचाही तळ दिसू लागतो. म्हणून वाडवडिलांनी एक नियम घालून दिला होता. पाणी चुलीमागे वाटायचे. ज्या घरी चूल पेटते, त्या घराला रोज तीन हंडे. घर मोठे असो वा लहान. भाऊ वेगळे झाले, दोन चुली झाल्या, की दोन वाटे. या नियमामुळे त्या विहिरीवर कधी डोकी फुटली नाहीत. नियम चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्ही त्याला नावे ठेवाल.

वाडीची बैठक बसली. वैजू उभी राहिली आणि इंजिनासाठी रोज दोन हंडे मागितले.  मग बायकांमधून शेवंता उठली. सुनेकडे न बघता ती म्हणाली,

"इंजिनाक खयची चूल? पोरांक पिवक पाणी पुरना नाय, आणि आमी लोखंडाक न्हाऊ घालतलों? चूल नाय तर वाटो नाय."

सख्खी सासूच असे म्हणाल्यावर इतरांनी तोंड उघडण्याचे कारणच उरले नाही. शेवंताचे बोलणे खोटेही नव्हते. वाडीत तान्ही मुले होती. वैजूने दाजींकडे पाहिले. दाजी मान खाली घालून वाळूत बोटाने रेघा ओढत बसले होते.  बैठक उठली.

वैजू तडक ताडपत्रीखाली गेली.  "माका शिकवलास रोज पाणी पाज म्हणान. आणि थय तुमी गप्प?"

"बस," दाजी म्हणाले.

"बसूचंय नाय."

"मगे उभ्यान आयक. तुझ्या घोवान पण असोच बैठकीत उभो रवान पाणी मागल्यान होता. याद असा?"

वैजूला आठवत होते. ती तेव्हा नवी नवरी होती, बायकांच्या मागे बसली होती. दिगूने पाणी मागितले होते, आणि तेव्हाही सगळ्यांत आधी शेवंताच उठली होती. स्वतःच्या मुलाला पहिला नकार आईने दिला, म्हणून वाडीने तिला केवढे वाखाणले होते.

"मी तेका म्हटलंय, जावंदे," दाजी म्हणाले. "ह्या वर्साक रवांदे, पाऊस पडलो काय धुवया. पावसात धुतलों. पण तोपर्यंत मीठ आत बसला होता, ता हलला नाय." त्यांनी विडी कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली. "दिगू गेलो तेव्हा इंजिन दांड्यार गावला. माझ्याकडे हाडून टाकल्यानी. मी उघडलंय. चाटलंय."

वैजू आता बसली.

"मीठ?"

"वाट पुरी बुजलेली. आज बैठकीत मी तोंड उघडलंय असतंय तर ह्याच बोलूचा लागला असता. तिच्या तोंडार. झिलाक दर्यान नेल्यान म्हणान ती जगता गो. तेवढो धीर माका नाय."

वैजूला आधी सासूचा राग आला, मग दाजींचा, मग साऱ्या वाडीचा. आणि शेवटी तिला आठवले, की त्या दिवशी तीही तिथेच होती आणि तिनेही मान खाली घातली होती. त्या आठवणीने ती आतून पेटली.

"तू जावन तिका सांगशीत?" दाजींनी विचारले.

"नाय."

"मगे?"

"सांगूचंय नाय. पण पाणी सोडूचंय नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीने एक चमत्कारिक दृश्य पाहिले. वैजू घरातून डोक्यावर एक टोप घेऊन निघाली, त्यात पळी, मूठभर मीठ, तांदूळ. धक्क्याजवळच्या माडाखाली, पिंपाच्या शेजारी, तिने चिऱ्याचे तीन तुकडे मांडले. सुक्या झावळ्या मोडून मधे घातल्या आणि काडी ओढली. टोपात पेज रटरटू लागली.

धूर बघून लोक जमले. शेवंताही आली.

"ह्या काय मांडलंस?"

"चूल, आये."

"घरातली चूल मेली काय?"

"ती तुझी. ही माझी. मी येगळी झालंय."

वेगळी चूल म्हणजे काय, हे मी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. दोन भावांनी मांडली तरी गाव चार दिवस बोलते. इथे मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्या सासूला सोडून विधवा सून उघड्यावर चूल मांडून बसली होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणी म्हणाले, हिच्या डोक्यात इंजिनाचा धूर गेला. शेवंता वळली आणि घरी गेली. वैजूने पेज उतरवली, हंडा उचलला आणि विहिरीवर रांगेत जाऊन उभी राहिली.

पाणी वाटणारा म्हणाला, "तुमच्या घराचो वाटो शेवंतेन न्हेल्यान."

"तो तिच्या चुलीचो. माझ्या चुलीचो दी."

"ही खयची चूल?"

"धक्क्यार पेटलीहा. हात लावन बघ."

पाणी वाटणाऱ्याने आजूबाजूला पाहिले. सगळ्यांना नियम पाठ होता. त्याच नियमावर कालची बैठक उठली होती. तो मोडावा तर उद्या प्रत्येक वेगळ्या झालेल्या भावाचा वाटा बुडणार. तो निमूटपणे बाजूला झाला. वैजूने तीन हंडे भरून घेतले. एक स्वतःच्या टोपाशी ठेवला आणि दोन पिंपात ओतले, सगळ्यांदेखत, जराही घाई न करता.

संध्याकाळी दाजी धक्क्यावर आले. इंजिन पिंपात चालले होते, कुशीतून स्वच्छ धार पडत होती. दाजी वाळूत बसले.

"लोक तुका काय काय बोलतत, आयकलंस?"

"आयकलंय."

"मगे ह्या कित्याक केलंस? माका समजाव."

आता पाहा, दृष्टांताची रीत अशी की कोड्यात पाडणारी कृती गुरूने करायची आणि उलगडाही गुरूनेच करायचा. इथे गुरू खाली बसून विचारीत होते आणि शिष्या उत्तर देत होती. रीत मोडली तर मोडली. उत्तर ऐका.

"नियम वायट नाय, दाजीनू," वैजू म्हणाली. "जळता थय तहान असता, म्हणान चुलीक वाटो. मगे ह्या इंजिनाच्या पोटात काय जळता? आणि कोणासाठी जळता? त्येंचीच पोरां ह्येच्या जिवार शाळेक जातत. ह्याका चूल नाय म्हणतत, म्हणान मी ह्येची चूल मांडून दिलंय. पाणी मी भीक म्हणान मागलंय, थयच चुकलंय. वाटो मागूचो होतो."

दाजी उठले. मग घरी जाऊन त्यांनी आपला एक हंडा आणला आणि पिंपाशी ठेवला. वैजूने तो उचलून त्यांच्याच हातात परत दिला.

"तुमचो वाटो तुमी पिया. ह्याचो ह्याका गावलोहा."

सारा वैशाख तिने एका हंड्यावर काढला. अंघोळ खाडीत केली. केस मिठाने राठ झाले, अंगावर पांढरे पट्टे उमटले, पण पिंपातले दोन हंडे चुकले नाहीत. आणखी एक गोष्ट चुकली नाही. विहिरीवर ती सगळ्यांआधी जाई, सासूच्या चुलीचे हंडे भरून तिच्या उंबऱ्यावर ठेवी आणि न बोलता परत येई. शेवंता दार उघडे, हंडे आत घेई. तीही बोलत नसे. दोघी एकमेकींना ऐकू जाईल इतक्या जवळ राहत होत्या आणि महिनाभर त्यांनी एकमेकींचा आवाज ऐकला नाही.

आता तुम्ही वादळाची वाट बघत असाल. भर तुफानात होडी मुखाशी अडकते, आत शेवंताचे कोणी लाडके असते, सगळे देवाचा धावा करतात आणि गोडे पाणी प्यालेले इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होते. व्याख्यानात इथे टाळ्या पडतात, मला माहीत आहे. मी ते सांगणार नाही, कारण तसे काही झाले नाही. वैशाखात काही झाले नाही. ज्येष्ठ लागला, तेव्हाही काही झाले नाही. होडी सकाळी गेली, दुपारी आली, संध्याकाळी गेली आणि परत आली. पोरे शाळेत गेली, आजारी माणसे दवाखान्यात गेली, कोणाचे लग्नाचे सामान आले. मुखाशी ओहोटीची ओढ रोज होती. इंजिन रोज चालले. एवढेच झाले, आणि एवढ्यासाठी जगात कोणी कोणाला हार घालत नाही.

मिरगाच्या आधी होड्या वर ओढतात. चार महिने दर्या बंद. त्या दिवशी सगळी वाडी धक्क्यावर असते, दोराला हात लावायला. वैजूची होडी वर आली. इंजिन उतरवून तिने माडाखाली फळीवर ठेवले. दाजींनी पाना घेतला आणि सगळ्यांसमोर वरचे झाकण काढले. ते वाकणार, एवढ्यात वैजूने त्यांचा दंड धरला.

"तुमी नको. आये, तू ये."

शेवंता गर्दीच्या कडेला उभी होती. लोक बाजूला झाले. ती पुढे आली ती का आली, हे तिलाही सांगता आले नसते. कदाचित महिन्याभरानंतर सुनेचा आवाज ऐकला म्हणून. वैजूने इंजिनातली ती वाट बोटाने दाखवली. शेवंताने आपले बोट आत घातले, फिरवले आणि जिभेला लावले.

"काय लागता?" वैजूने विचारले.

शेवंताने पुन्हा एकदा बोट आत घालून चव पाहिली.

"कायच नाय," ती म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. बोट अजून ओठांशी होते. मग हळूहळू तिने दाजींकडे मान वळवली.

"दाजीनू, दिगूचा इंजिन तुमच्याकडेच हाडलेला मा?"

"होय."

"तुमी उघडलास?"

"होय."

"चाटलास?"

दाजींनी वैजूकडे पाहिले. वैजूने नजर हटवली नाही आणि मानही हलवली नाही. सांगायचे की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवायचे होते.  इतके दिवस ज्याला धीर झाला नाही, तो म्हातारा सरळ उभा राहिला.

"खारट होता, शेवंते," दाजी म्हणाले. "दर्यान नेल्यान नाय. आमी धाडलों. तू पयली बोललंस, पण तू एकटी नव्हतंस. आमी सगळे बसान आयकी होतों. तेका रवांदे म्हणणारो मी होतंय."

शेवंता रडली नाही.  ती माडाखाली, सुनेच्या त्या तीन चिऱ्यांजवळ बसली. चूल अजून कोमट होती. तिने एका चिऱ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. वैजू तिच्याजवळ जाऊन बसली. दिगू गेल्यापासून त्या दोघी अशा शेजारी बसल्या नव्हत्या.

"घराक चल," शेवंता शेवटी म्हणाली. "चूल उचल आणि चल."

"मी येतंय, आये. चूल हय रवतली."

"आता कित्याक?"

"ती माझी नाय. ह्येची असा."

शेवंताने सुनेकडे पाहिले. वैजूच्या राठ केसांकडे, हातांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे. मग ती उठली, पदर खोचला, आणि बैठकीत उभी राहत असे तशी साऱ्या वाडीसमोर उभी राहिली.

"आयकलास मा?" ती म्हणाली. "ही चूल मोजा. माझ्या झिलाची मोजूची राहिली, ही राहूची नाय."

त्यावर कोणी काही बोलले नाही. दोन वर्षांपूर्वीही ती बोलल्यावर कोणी काही बोलले नव्हते, पण ते गप्प बसणे निराळे होते.

पुढच्या वैशाखात विहिरीवर चुली मोजल्या, तेव्हा एक चूल जास्त भरली. तिच्यावर भात शिजत नाही, धूर निघत नाही. तीन चिरे आहेत आणि शेजारी एक पिंप. तिच्या वाट्याचा पहिला हंडा शेवंता स्वतः डोक्यावरून नेते, आणि पिंपात ओतून झाल्यावर कुशीतली धार वाहू लागेपर्यंत तिथून हलत नाही.

तुमच्या घरात वर्षानुवर्षे काहीच बिघडले नसेल, तर दैवाचे आभार मानण्याआधी जरा शोधून पाहा, संध्याकाळी कोण कुठल्या पिंपात पाणी ओतत आले आहे.